भावाचा कारखाना

माझं लग्न जुळवताना मध्यस्थानं एकच गोष्ट झाकून ठेवली, आणि तीही अशी की झाकता झाकेना. मुलाकडच्यांनी विचारलं, "मुलीचा भाऊ काय करतो?" मध्यस्थ म्हणाला, "कारखाना आहे." कसला, ते कोणी विचारलं नाही. न विचारण्यात सगळ्यांचीच सोय होती.

भावाच्या कारखान्याला पत्र्याची दोन लांबच लांब शेडं होती, बाजूनं जाळी होती, आणि आत हजारो पांढऱ्या कोंबड्या एकाच वेळी आपापलं गाऱ्हाणं सांगत असत. माल म्हणजे अंडी. माझं माहेर खानदेशात, गुजरातच्या हद्दीला लागून. आई गेली तेव्हा मी आठवीची परीक्षा दिली आणि नववीचं दप्तर काही घेतलंच नाही. सकाळी शेडात शिरायचं, अंडी वेचायची, निमुळतं टोक खाली ठेवून ट्रेमध्ये बसवायची. शाळा सुटल्याचं दुःख करायला कोंबड्यांनी वेळच दिला नाही.

आमचे हे जिनिंगचे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातले, फिटर. हंगामात आमच्या बाजूच्या जिनिंगवर कामाला आले आणि अंडी घ्यायला शेडावर येऊ लागले. शाकाहारी घरातला माणूस अंडी कशासाठी घ्यायचा, हे मी इथे लिहिणार नाही. मामाजी अजून चष्मा लावून सगळं वाचतात.

मामाजी म्हणजे माझे सासरे. सासरचं गाव यवतमाळकडं, महागावच्या अलीकडं; काळी जमीन, कापूस आणि तूर. घर महानुभाव पंथाचं, उपदेश घेतलेलं. मांस-मच्छी सोडाच, अंड्याचं नावही उंबऱ्याच्या आत यायचं नाही. मला ही अट सांगितली होती आणि मी ती आनंदानं मान्य केली होती. खरं तर अंड्यांचा मला इतका कंटाळा आला होता, की अट त्यांनी घातली नसती तर मीच घातली असती.

सासूबाईंना मी आई म्हणते. आईंना लग्नानंतर महिन्याभरातच सगळं कळलं, कारण मीच सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही. भीती तर मुळीच राहत नाही. त्या भाकरी थापत होत्या. थापता थापता थांबल्या, दाराकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "कारखानाच म्हनत जाय. तुह्या मामाजीले कायले ताप?" तेव्हापासून गावात कोणी विचारलं, की आई ताठ मानेनं सांगायच्या, "सुनेच्या भावाचा कारखाना हाय." विचारणारीनं "कायचा वं?" म्हटलं, की "मालाचा" असं उत्तर असे. त्यापुढं विचारायची हिंमत आमच्या गल्लीत कोणाची नव्हती.

मी माहेरापासून इतक्या लांब आले होते, की पहिलं वर्षभर मला दिशाच कळत नव्हत्या. पण बोलण्यानं मला हात दिला. आमच्याकडं 'माले, तुले' म्हणायचे, इथं 'मले, तुले' म्हणतात. एवढं सारखं ऐकलं तरी मला घरी आल्यासारखं वाटे. घाबरट माणसाला लहानसा आधारही पुरतो.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव असा पडला होता, की लोक कापूस विकण्यापेक्षा घरातच भरून ठेवत. आमच्याकडं ओसरी पार छतापर्यंत भरलेली होती. बाजेवर झोपलं की एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला कापूस. अंगाला खाज, नाकात तंतू. मामाजी रोज सकाळी त्या ढिगाकडं पाहत, जणू रात्रीत भाव त्यालाच कळला असेल. गावात सारख्या जीपा यायच्या. कधी पाहणीवाले, कधी कॅमेरेवाले, कधी नुसतेच पांढऱ्या कपड्यांतले. जीपचा आवाज आला, की माणसं सातबारा घेऊनच घराबाहेर पडायची. सवयच लागून गेली होती. हे लक्षात ठेवा, पुढं त्याची गंमत आहे.

संक्रांत होऊन गेली आणि वहिनी बाळंत झाली, म्हणून मी माहेरी गेले. वहिनी खोलीत, भाऊ बाजारात, आणि शेड पुन्हा माझ्याकडं. पहिले दिवस मजेत गेले. मग कोंबड्यांचं गाऱ्हाणं कमी झालं. हे सगळ्यात आधी मला कानांनी कळलं. तुरे निळसर पडू लागले, डोकी सुजली, अंडी पातळ कवचाची येऊ लागली. काही तर हातात घेताच दबत. मग सकाळी शेड उघडावं तर रांगच्या रांग आडवी. भाऊ म्हणाला, "काय नई वं, राणीखेत शे. दरसाल येस." राणीखेत म्हणजे कोंबड्यांचा जुना रोग, तो आम्ही लहानपणापासून पाहिलेला. त्यामुळं मी पदर नाकाला बांधला आणि घमेली भरभरून मेलेल्या कोंबड्या बाहेर काढल्या. हातानंच. हातमोजे कोणाकडं होते? आम्ही सगळेच तसं करत होतो.

यंदाची मर मात्र थांबेना. जवळपासच्या सगळ्या शेडांतून तेच. एक दिवस भाऊ बाजारातून पडलेल्या चेहऱ्यानं आला आणि म्हणाला, "तू जाय आते. तुनं घर संभाळ." मी पिशवी भरली आणि निघाले.

बडनेऱ्याला गाडी बदलताना वर्तमानपत्राच्या ठेल्यावर मी ते नाव पहिल्यांदा वाचलं. जाड अक्षरांत होतं: बर्ड फ्लू. खाली फोटो होता; आमच्या शेडासारखंच शेड, आणि आत पांढऱ्या अंगरख्यातली माणसं. पेपर विकत घेतला आणि बाकावर बसून बोट ठेवून वाचला. हा कोंबड्यांचा नवा रोग आहे, बाहेरच्या देशांत तो माणसांनाही झाला आहे, आणि झाला की छातीत उतरतो, असं लिहिलं होतं. मी माझ्या हातांकडं पाहिलं. मग स्टेशनच्या नळावर जाऊन ते धुतले. मग पुन्हा जाऊन धुतले. मागचा माणूस म्हणाला, "बाई, आम्हालेबी पानी राहू द्या."

घरी पोचले तेव्हा हे जिनिंगवर बाहेरगावी होते. ओसरीवर पिशवी रिकामी करताना साडीच्या घडीतून एक पांढरं पीस निघालं. उडालं ते थेट कापसाच्या ढिगावर जाऊन बसलं. आता शोधा! पांढऱ्यावर पांढरं. मी गुडघ्यावर बसून पुष्कळ चाचपलं, पण सापडलं नाही. मामाजी शेतातून यायच्या वेळी मी उठले आणि मनाला समजावलं, की मला सापडत नाही तर त्यांना कुठून सापडणार?

आईंना मात्र स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. पेपरसुद्धा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "हळू बोल. कोंबडीची सर्दी माणसाले होते म्हनते? मंग आपली सर्दी कोंबडीले काहून होत नाही?" मलाही तो मुद्दा पटावा असं फार वाटत होतं.

दोन-तीन दिवसांनी ताप चढला. अंग असं मोडून आलं, की वेणी घालायला हात वर जाईना. मग खोकला. आई म्हणाल्या, "कापसाचा फुफाटा नाकात गेला. सगळ्या गावाले हाय." खरंच होतं; त्या दिवसांत सगळं गाव कापसापायी खोकत असे. काढा झाला, विक्स झालं. मग महागावच्या डॉक्टरकडं जाऊन सलाईन लावून आले. आमच्याकडं सलाईन लागली की निम्मा आजार गेला असं धरतात. माझा निम्मा गेला नाही, उलट दुप्पट होऊन परत आला. श्वास अर्ध्या वाटेवर बसकण मारू लागला. पूर्ण आत यायलाच तयार नाही. चार पावलं चालले, की भिंत धरावी लागे. डॉक्टरनं कानात नळी घालून छाती ऐकली आणि यवतमाळला न्यायला सांगितलं.

भाड्याच्या काळी-पिवळी जीपमध्ये मामाजी ड्रायव्हरशेजारी बसले आणि आई माझ्याजवळ. वाटेतलं आर्णी गाव मागं पडलं तशी आईंनी माझ्या कानाशी तोंड आणलं.

"डॉक्टरनं काई इचारलं तर मी सांगीन. तुले बोलवत नाही नं?"

मी मानेनं नाही म्हटलं.

"बस. मंग बोलूच नोको."

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात आम्हाला एक तरुण डॉक्टरीणबाई मिळाल्या. तोंडाला मास्क, डोळे जागरणानं लाल, पण बोलणं मऊ. एक्सरे उजेडासमोर धरून त्यांनी बराच वेळ पाहिला. माझ्या छातीत दोन्हीकडं ढग आल्यासारखं काही तरी पांढरं होतं. मला उगाच ओसरीतला कापूस आठवला.

"ताई, गेल्या काही दिवसांत बाहेरगावी गेला होता?"

"माहेरी गेलती," आई म्हणाल्या.

"तिकडं कोंबड्या, बदकं, असं काही? हात लावला का? जवळपास मेलेले पक्षी?"

"नाही जी!" आई इतक्या झटक्यात बोलल्या, की डॉक्टरीणबाई दचकल्या. "आमच्या घरी अंड्याचं टरफल येत नाही. आमी उपदेशी लोक."

"घरी नाही, माहेरी?"

"तिच्या भावाचा कारखाना हाय."

"कसला?"

"मालाचा."

मामाजी दाराशी बाकावर बसले होते. जपमाळेसारखी बोटं फिरत होती, नजर जमिनीवर. मी तोंड उघडलं. आधी खोकला आला, शब्द मागंच राहिला. आईंचा तळवा माझ्या गुडघ्यावर होता. दाबत नव्हता, पण होता. मला एकाच वेळी दोन गोष्टींची भीती वाटत होती. एक म्हणजे मी मरेन. दुसरी म्हणजे वाचेन, आणि मग हे घर मला ठेवणार नाही. दुसरी भीती मोठी वाटत होती, हे आज लिहिताना मला हसू येतं. त्या दिवशी आलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी न्यूमोनिया लिहिला आणि मला वॉर्डात पाठवलं. नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं आईंना विचारलं, "कापसाचं का वं इचं?" आई म्हणाल्या, "हो, कापसाचं." म्हातारी म्हणाली, "माह्यावालं बिडीचं," आणि समाधानानं कुशीवर वळली.

आई मला चमच्यानं पाणी पाजू लागल्या. पण गिळायला जेवढा दम धरावा लागतो, तेवढा माझ्याजवळ उरला नव्हता. पाणी ओठांतून हनुवटीवर, तिथून उशीवर. आईंनी आपल्या पदरानं पुसलं. पुन्हा चमचा भरला. पुन्हा तेच. मग त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं, भाकरी फुगते की करपते ते पाहतात तसं. चमचा पेल्यात ठेवला.

"थांब," म्हणाल्या, जणू मी कुठं निघाले होते.

आई वॉर्डाच्या दारात गेल्या आणि त्यांनी जो आवाज लावला, तो आमच्या शेतातून गावात ऐकू जाईल एवढा होता.

"ओ डॉक्टरीणबाई! ओ! थांबा! मी खोटं बोलली!"

सगळा पॅसेज थांबला असावा. मला खाटेवरून त्यांची पाठ आणि दारालगतच्या बाकावर बसलेले मामाजी दिसत होते.

"इच्या भावाचा कारखाना नाही. कोंबड्याची पोल्ट्री हाय. जिकडं थो रोग आला, तिकडंच. मेलेल्या कोंबड्या इनं हातानं उचलल्या, घमेलेच्या घमेले. घ्या, आता लिहा!" मग त्या बाकाकडं वळल्या. आवाज थोडा उतरला. "अन् तुमाले काय म्हनाचं थे म्हना."

मामाजींनी बोटं फिरवणं थांबवलं. "काय म्हनू? मले लग्नाच्या दिवशीच मालूम होतं."

"काय?"

"यांच्या मांडवात पाहुन्याले चहा दिला नं, थो कायच्यावर ठेवून दिला? खळग्या-खळग्याच्या ट्रेवर. एक कप एका खळग्यात. कारखान्यात असे ट्रे कायले लागते?"

आई काही बोलल्या नाहीत. माझ्या आठवणीत हे एकदाच झालं आहे.

"अन् परवा कापसात पीस सापडलं. म्या उचलून चुलीत टाकलं."

"मंग इतके दिवस बोलले काहून नाही?"

"तुमी इतक्या मेहनतीनं लपवून राह्यल्या होत्या," मामाजी म्हणाले, "मी कायले मधात बोलू?"

डॉक्टरीणबाई मात्र एव्हाना दाराशी आल्या होत्या. त्यांनी मास्क वर ओढला आणि पहिला प्रश्न मामाजींना विचारला, "आजोबा, ते पीस तुम्ही हातानं उचललं?"

आणि अशा रीतीनं, जन्मात कोंबडीच्या वाऱ्याला उभा न राहिलेला माणूस तिच्या संपर्कात आला म्हणून दवाखान्यात ठेवला गेला. आईसुद्धा ठेवल्या गेल्या, कारण त्यांनी मला पदरानं पुसलं होतं. एका दमात माझं सगळं सासर भरती.

मला वेगळ्या खोलीत हलवलं. तिथं येणारी माणसं मधाचं पोळं काढायला निघाल्यासारखी नखशिखांत झाकलेली. आवाजावरून ओळखायचं. नाकातून आणि घशातून कापसाची काडी फिरवली; नाकातली तर मला वाटलं आठवीपर्यंतचा सगळा अभ्यास घेऊन बाहेर येते. ते नमुने पुण्याला गेले. त्याच दिवशी कॅप्सूल सुरू झाल्या.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मी मरते का?" माणूस पूर्ण झाकलेला असला, की असं विचारायला सोपं जातं.

त्यांनी स्टूल ओढलं. म्हणाल्या, "खरं सांगू? हा पक्ष्यांचा आजार आहे. माणसाला सहसा होत नाही. आपल्याकडं कोणाला झाल्याचं अजून तरी कळलेलं नाही. पण आजारी पक्षी असे उघड्या हातांनी हाताळले तर होऊ शकतो, आणि झाला तर फुप्फुसं फार लवकर भरतात. तेव्हा वाट पाहत बसायचं नसतं. औषध आधी, रिपोर्ट नंतर. तुमच्या सासूबाई ओरडल्या ते बरं झालं. तो एक दिवस गेला असता तर परत आणता आला नसता."

"आणि आई? मामाजी? त्यांना माझ्यापासून?"

"एका माणसाकडून दुसऱ्याला तो असा सहज जात नाही. तरी आम्ही लक्ष ठेवतोय. तुम्ही श्वास घ्या. सध्या तुमचं काम तेवढंच."

एवढं सोपं काम मला कोणी कधी दिलं नव्हतं, आणि इतकं अवघडही. पालथं झोपायचं, श्वास आत घ्यायचा, बाहेर सोडायचा, पुन्हा घ्यायचा. भीती वाटली, की मी मनातल्या मनात अंडी ट्रेमध्ये बसवायचे, निमुळतं टोक खाली. एक ट्रे भरला, की दुसरा. त्यानं श्वास ठिकाणावर राहत असे.

शेजारच्या खोलीत मामाजींचं निराळंच प्रकरण चाललं होतं. आई दाराच्या काचेतून हातवारे करून सांगायच्या आणि बाकीचं मला नर्सबाईंकडून कळायचं. कॅप्सूल हातात घेऊन मामाजींनी विचारलं होतं, "हे वरचं कवच कायचं असते?" नर्सबाई प्रामाणिक निघाल्या. जनावराच्या हाडांपासून केलेलं असतं, असं त्यांनी खरं ते सांगितलं. मामाजींनी थोडा विचार केला, कॅप्सूल उघडली, पूड केळ्यावर पसरली, खाल्ली, आणि त्यांचा चेहरा असा झाला, की आईंनी घाबरून डॉक्टरांना हाक मारली. पूड कडूजहर होती. दुसऱ्या वेळी नर्सबाई म्हणाल्या, "बाबा, गिळूनच टाका ना." मामाजी म्हणाले, "नाही. कडू चालते." आणि शेवटपर्यंत केळ्यावर पसरूनच घेतली. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी केळं खाल्लं नाही.

इकडं गावात आरोग्य खात्याची जीप गेली. घरोघरी तापाची चौकशी करायची होती, कोणाकडं कोंबड्या मेल्या का ते पाहायचं होतं. जीप पारापाशी थांबायचा अवकाश, अर्धं गाव सातबारा आणि पासबुकं घेऊन रांगेत. आलेल्या माणसानं पहिल्याला विचारलं, "ताप आहे का?" तो म्हणाला, "ताप नाही साहेब, तीन एकर कापूस हाय." दुसऱ्याला विचारलं, "खोकला?" तो म्हणाला, "खोकला घरादाराले हाय. पन मदतीत बसत असन तर सांगा, सगळे खोकतो." हे आमच्या ह्यांनी सांगितलं. हे तेव्हा आदिलाबादकडं जिनिंगवर होते. निरोप मिळताच आधी गावी गेले, तिथली रांग पाहिली आणि मग यवतमाळला आले. काचेपलीकडं उभे राहून फोनवर मला हे सगळं सांगत होते. सांगता सांगता हसले आणि हसता हसता मास्कमध्येच रडले. मास्क उलटा बांधलेला होता. मी हसले तर खोकला आला, नर्सबाई ह्यांच्यावर ओरडल्या. पण त्या खोकल्यानंतर जो श्वास आला, तो बऱ्याच दिवसांनी पूर्ण आत गेला. मला अजून वाटतं, मी त्या रांगेपायी वाचले.

भावाचाही फोन आला होता. त्याची सगळी पाखरं मारून खड्ड्यात चुना टाकून पुरली होती. तो आणि शेडावरचे सगळे तपासणीत होते. वहिनी, बाळ, सगळे बरे. तो एवढंच म्हणाला, "शेड इतकं गप व्हयनं शे वं, की झोप येत नई." जन्मभर ज्या कलकलाटाला कंटाळले होते, तो आता कुठंच नव्हता.

पुण्याचा रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरीणबाई मास्क न लावता खोलीत आल्या. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. नाकावर तीळ होता. मास्क नाही, यावरूनच मला कळलं. "बर्ड फ्लू नाही," म्हणाल्या, "साधा, पण दांडगा न्यूमोनिया होता. दुसऱ्या जंतूचा." मी म्हटलं, "म्हणजे एवढं सगळं उगाच झालं?" त्या म्हणाल्या, "उगाच नाही. निघालं नाही ते नशीब. पण तुम्ही खरं सांगितलंत. ते नशीब नव्हे." मग आईंकडं वळून हसून म्हणाल्या, "जरा उशिरा सांगितलं, पण मोठ्यानं सांगितलं."

घरी आलो तेव्हा मला धाकधूक होतीच. दवाखान्यातली गोष्ट वेगळी, आणि उंबऱ्यातली वेगळी. गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. पंथातले एक वयस्कर गृहस्थ संध्याकाळी आले, दंडवत घातला, बसले, आणि घसा साफ करून म्हणाले, "ऐकलं थे खरं का? सुनेच्या माहेरी..."

मी आत दारामागं उभी होते.

मामाजी म्हणाले, "खरं हाय. कोंबड्याची पोल्ट्री हाय. आता सगळ्या मेल्या बिचाऱ्या." मग म्हणाले, "तुमी आधी हे इचारा, का सूनबाई कशी हाय."

गृहस्थ गडबडले. "हो हो. कशी हाय सूनबाई?"

"बरी हाय. चहा करून राह्यली."

मी खरंच चहा ठेवला. कान ओसरीकडं होते, म्हणून साखर दोनदा पडली. गृहस्थ तो चहा पिऊन गेले आणि त्यानंतरही येत राहिले. आईंनी मात्र दुसऱ्याच दिवशी नळावर जाऊन आपली बाजू सावरली. कोणी विचारायच्या आतच म्हणाल्या, "सुनेच्या भावाची पोल्ट्री हाय. मोठी! थ्या रोगाले भ्याला नाही थो, पुन्हा सुरू करून राह्यला." भावाला तेव्हा हे माहीतही नव्हतं. पण पुढं त्यानं सुरू केली खरी. आधी एकच शेड, मग दोन. आता तो सांगतो, की शेडात शिरताना बूट वेगळे, हातमोजे वेगळे, आणि पाखरू मेलं तर आधी डॉक्टरला फोन.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. माझी मुलगी मोबाइलवर बातम्या वाचते आणि मध्येच ओरडते, "आई, पुन्हा कुठं तरी नवीन बर्ड फ्लू आला." मी हातातलं काम टाकून आधी भावाला फोन लावते. घाबरटपणा काही गेलेला नाही. पण आता मला भीती वाटली, की ती कोणाला सांगायची ते मला माहीत आहे, आणि एवढं पुरतं.

दरवर्षी संक्रांत झाली की मी माहेरी जाते. परत येते तेव्हा उंबऱ्याशी मामाजी खुर्ची टाकून बसलेले असतात. आता कान गेलेत, पण काळी-पिवळीचा आवाज त्यांना कसा कळतो कोण जाणे. शेजारी पाण्याची बादली, वर तांब्या, आणि नवा साबण, कागद न काढलेला. ती बादली पहिल्या वर्षी आईंनी भरली होती. आता आई नाहीत, म्हणून मामाजी स्वतः नातवाला सांगून भरून घेतात.

मी पिशवी खाली ठेवते. मामाजी बादलीकडं बोट करतात.

"आधी हात. मंग घर."

मी कोपरापर्यंत हात धुते. ते पाहत असतात. मग मान हलवून विचारतात, "कोंबड्या कशा हायेत?"

"मजेत आहेत, मामाजी," मी त्यांच्या कानाशी मोठ्यानं सांगते.

"बोलतेत का?"

"फार बोलतात."

"हं," ते म्हणतात, "मंग बरं हाय," आणि उंबऱ्यातून बाजूला सरून मला वाट देतात.